ती खेळली नाही तो सामना

मोबाइलवरचं चित्र अडकलं तेव्हा माझी मुलगी जमिनीवर पडलेली होती.

नाशिकजवळ अंबडला आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. मी तिथे तपासणी विभागात आहे. मशीनवरून उतरलेला माल मोजायचा आणि पास किंवा नापास करायचा, हे माझं काम. त्या दिवशी साहेब स्वतःच म्हणाले, "जा, बस मॅच बघत. पोरगी काय रोज भारताकडून खेळते का?" सतरा वर्षांखालच्या मुलींचा भारतीय संघ आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी मध्य आशियातल्या एका देशात गेला होता आणि त्या संघाची गोलकीपर माझी लेक होती. पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेल्या माझ्या मोबाइलभोवती सगळी पाळी गोळा झाली होती. त्यातल्या निम्म्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण आरडाओरड्यात कोणी मागे नव्हतं.

गटातला हा दुसरा सामना. पहिला आपण जिंकला होता. यातही एका गोलने पुढे होतो आणि थोडाच खेळ बाकी होता. समोरच्या संघाच्या एका उंच मुलीला मोकळा चेंडू मिळाला. तिच्या आणि गोलच्या मधे फक्त माझी मुलगी. ती पुढे धावली आणि त्या उंच मुलीच्या पायांत झेपावली. चेंडू तिने छातीशी घट्ट धरला, आणि त्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. आवाज काही ऐकू आला नाही. मान मात्र कशी हलली ते मी बघितलं. मग चित्र थांबलं आणि मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं.

कोणीतरी म्हणालं, "नेट गेलं असेल, माझ्यावर लावतो." त्याच्याही मोबाइलवर तेच चक्र. तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती घरी बघत होती.

"अहो, तुम्हाला दिसतंय का?"

"नाही. तुला?"

"नाही ना. ती उठली का?"

"उठली असेल."

"असेल म्हणजे काय? बघितलंत का तुम्ही?"

मी बघितलं नव्हतं. दोघेही फोन कानाला लावून थांबलो. घरचा पंखा मला ऐकू येत होता. दोन हजार मैलांवर आपलं मूल पडलेलं आहे आणि आपल्या हातात एक काळी काच आहे, या अवस्थेला काय म्हणतात मला माहीत नाही. देवाचं नावही आठवलं नाही.

चित्र परत आलं तेव्हा ती उभी होती. केस ओले, कोणीतरी डोक्यावर पाणी ओतलं असावं. हातमोजे एकमेकांवर आपटत ती बचावातल्या मुलींवर ओरडत होती. कॅन्टीनमध्ये शिट्ट्या झाल्या, मला कोणीतरी पाठीमागून मिठी मारली. आपण जिंकलो. पाळी सुरू झाली आणि मी कामाला लागलो, पण एकच तुकडा दोन-दोनदा मोजत होतो.

येवल्याहून आईचा फोन आला. तिला कोणी सांगितलं देव जाणे. "पोरगी पडली म्हणं. लय लागलं का रं?"

"नाही गं आई. खेळली ती शेवटपर्यंत."

"खेळली मंजी लागलं नाय असं नसतंय," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संघातल्या मुलींना संध्याकाळी थोडा वेळ मोबाइल हातात मिळायचा. ती रोज व्हिडिओ कॉल करायची, हॉटेलची खोली, खिडकीबाहेरचे बर्फाचे डोंगर, जेवणातला कसलातरी पांढरा रस्सा, सगळं दाखवायची. त्या दिवशी मी घरी पोचून बूट काढत होतो तेव्हा तिचा फोन आला. साधा, नुसत्या आवाजाचा.

"पप्पा, मम्मी जवळ आहे का?"

"आत शिकवणीच्या मुलांचा अभ्यास घेतेय. का गं? चेहरा दाखव ना."

"नको. उजेडाचा त्रास होतोय. तुम्ही बाहेर या ना जरा."

मी अनवाणीच जिन्यात गेलो. ती हळू आवाजात बोलत होती. डॉक्टरांनी मैदानावर तपासलं, नाव विचारलं, स्कोअर विचारला, बोट दाखवून डोळे फिरवायला लावले. तिने सगळी उत्तरं बरोबर दिली. हॉटेलवर आल्यावर मात्र तिला दोनदा उलटी झाली. डोकं ठणकत होतं. खोलीतल्या जोडीदारणीला तिने शपथ घातली होती. डॉक्टर परत विचारायला आले तेव्हा 'एकदम ठीक' म्हणून सांगितलं होतं.

"का?"

"का म्हणजे? उलटी म्हटलं की संपलं, पप्पा. नियमच आहे. मग परवा बसवतील मला. परवा बरोबरी झाली तरी आपण जातोय मुख्य स्पर्धेत. पुढच्या वर्षी मी या वयोगटात नाही. हीच माझी शेवटची आहे."

"मग मला कशाला सांगितलंस?"

ती म्हणाली, "भीती वाटली म्हणून."

जिन्यातून खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत होता. मला आठवतंय, मी कठडा धरला होता.

"बाळा, तू स्वतः जा डॉक्टरांकडे. आत्ता जा."

"नाही."

"तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल."

"पप्पा, मी तुम्हाला विश्वासाने सांगितलंय! मम्मीला सांगितलं असतं तर तिने लगेच फोन केला असता, म्हणून तुम्हाला सांगितलं."

"तुमचं जेवण होईपर्यंत थांबतो. तोवर तू सांग. तू सांगितलंस तर मी मधे येणारच नाही."

तिने फोन ठेवला.

मी आत आलो. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं आणि शिकवणीच्या पोरांना म्हणाली, "उद्या या रे सगळे." पोरं गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. तिने गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"लावा फोन."

"तिला वेळ दिलाय मी."

"डोक्याला मार लागलेल्या पोरीला वेळ? अहो, ती विचार करण्याच्या अवस्थेत तरी आहे का?"

तिचं बरोबर होतं. आणि तरीही मला वाटत होतं, तिने स्वतः सांगावं. इतकी वर्षं पहाटे उठून मैदानावर गेली, घरातली लग्नं, मैत्रिणींचे वाढदिवस सोडले, पोरांच्या संघात एकटी मुलगी म्हणून उभी राहिली. हे जे काही तिच्या हातून जाणार होतं ते तिचं तिने सोडावं, मी ओढून घेऊ नये. मी तिला पुन्हा फोन लावला. तिने कट केला. पुन्हा लावला. बंद.

मग मी संघाच्या मॅनेजर मॅडमना फोन केला. त्या दुसऱ्या राज्यातल्या, हिंदीत बोलायच्या. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत गेलो. 'उलटी' हा शब्द ऐकल्यावर त्या एकदम थांबल्या. मागे मुलींचा हसण्याचा, ताटांचा आवाज येत होता. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "किती वाजता झाली, काही बोलली का ती?" मग म्हणाल्या, "मी डॉक्टरांना घेऊन जाते तिच्या खोलीत," आणि फोन ठेवला.

तिला दवाखान्यात नेलं, डोक्याचा स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, मेंदूला धक्का बसला होता. पुढचे काही दिवस खेळ बंद, पूर्ण विश्रांती. हे सगळं मॅडमनी कळवलं. मुलीकडून मला एकच मेसेज आला: 'झालं समाधान?'



तिसरा सामना यजमान देशाशी होता, तो आम्ही घरी बघितला. कॅन्टीनमध्ये बसायची माझी हिंमत नव्हती. गोलमध्ये दुसरी मुलगी होती, ईशान्येकडची, उंचीने जरा कमी, पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. राष्ट्रगीताच्या वेळी कॅमेरा तिच्यावर आला तेव्हा तिचे ओठ हलत होते, डोळे मात्र कुठेतरी भलतीकडेच. मी तिच्यासाठी हात जोडले. खरं सांगायचं तर तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला नीट कळत नव्हतं. ती चुकली तर माझी मुलगी मला काय म्हणेल, हेच डोक्यात घोळत होतं.

ती मुलगी चांगली खेळली. पहिल्याच हल्ल्यात तिने एक जोरदार फटका बोटांच्या टोकांनी वर काढला. मध्यंतराच्या आधी आपण एक गोल केला. बायको उठून उभी राहिली, मग परत बसली. मध्यंतरानंतर यजमानांनी बरोबरी साधली. मैदान गच्च भरलेलं, त्यांचे लोक ढोल वाजवत होते, आणि आपल्या मुली पाय ओढत पळत होत्या. बरोबरी पुरेशी होती. घड्याळाकडे बघू नये असं ठरवूनही मी पडद्याच्या कोपऱ्यातले आकडेच बघत होतो.

कॅमेरा एकदा राखीव खेळाडूंच्या बाकाकडे गेला. माझी मुलगी गळ्यापर्यंत ट्रॅकसूट ओढून बसली होती. उजेड नको म्हणून डोळ्यांवर टोपी. ती सामना बघत होती की नाही तेही दिसेना.

शेवटच्या मिनिटांत त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच वळत आला, गोलच्या अगदी जवळ. आपली कीपर निघाली, दोन पावलं पुढे आली, थबकली, मागे वळली. तेवढ्यात कोणाच्यातरी डोक्याला लागून चेंडू आत गेला. ती मुलगी जाळीत तोंड खुपसून बसली. बायको म्हणाली, "अरेरे, बिचारी," आणि टीव्ही बंद केला. मी तो पुन्हा लावला. शिट्टी वाजेपर्यंत बघितलं. आपण हरलो, आणि मुख्य स्पर्धेत यजमान संघ गेला.

तिला आणायला मी मुंबईच्या विमानतळावर गेलो. ती इतर मुलींच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्याकडे आली, बॅग माझ्या हातात दिली आणि गाडीत मागच्या सीटवर बसली. कसारा घाटात एका वळणावर ती म्हणाली, "जरा थांबवा, मळमळतंय." मी गाडी कडेला घेतली. ती दार उघडून दगडावर बसली. मी पाण्याची बाटली दिली. तिने चूळ भरली आणि समोरच्या दरीकडे बघत म्हणाली,

"पप्पा, तो कॉर्नरचा चेंडू मी घेतला असता."

"हो," मी म्हणालो. "घेतला असतास."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी वाद घालेन, समजूत काढेन, असं तिला वाटलं असावं. पण खरंच तिने तो घेतला असता. उंच चेंडूला ती कधी थबकत नाही. ते मला ठाऊक होतं आणि तिलाही. मग ती रडली, चांगली मोठ्याने. मी शेजारी उभा राहिलो. ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्याने तिचे केस उडत होते.

घरी आल्यावर कितीतरी दिवस ती पडदे लावून खोलीत पडून असायची. पुस्तक उघडलं की अक्षरं हलतात म्हणायची. कुकरची शिट्टी सहन व्हायची नाही म्हणून बायको डाळ पातेल्यात शिजवायला लागली. नाशिकच्या डॉक्टरांना मी विचारलं, "तो सामना खेळली असती तर?" ते म्हणाले, "कदाचित काहीच झालं नसतं. पुन्हा तिथेच मार बसला असता तर मात्र सांगता येत नाही." मला ठाम उत्तर हवं होतं. ते त्यांच्याकडे नव्हतं.

पावसाळा सरल्यावर तिला सरावाची परवानगी मिळाली. तिचे प्रशिक्षक सर तिला घाई करत नव्हते. आधी नुसतं पळणं, मग हातात चेंडू, मग हवेतले चेंडू. ते सगळं जमलं. एका संध्याकाळी सरांनी एका मुलाला चेंडू घेऊन एकट्याने तिच्या अंगावर यायला सांगितलं. मी कुंपणाजवळच्या पायरीवर बसलो होतो. तो आला. ती निघाली आणि अर्ध्यात थांबली. त्याने बाजूने चेंडू सहज आत ढकलला. पुन्हा. पुन्हा तेच. ती उडी मारायच्या क्षणी तोंड फिरवत होती. सर म्हणाले, "आज पुरे करू." ती म्हणाली, "नाही सर. त्याला पाय आखडता घेऊ नको म्हणावं."

उठून मधे जावं, सरांना सांगावं की बास, असं वाटलं. मी पायरीची कड धरून बसून राहिलो.

तो मुलगा पूर्ण वेगाने आला. या वेळी ती लवकर निघाली, ओरडत निघाली, आणि त्याच्या पायांत गेली. धूळ उडाली. तो तिच्यावरून पलीकडे पडला. ती चेंडूभोवती गुंडाळून तशीच पडून राहिली. मी उभा राहिलो, धावायला लागलो. तेवढ्यात तिने मान वर न करता हात वर केला, तळवा माझ्याकडे. थांबा.

मी थांबलो. ती उठली, चेंडू सरांकडे भिरकावला आणि परत गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

आता ती वीस वर्षांखालच्या संघाच्या शिबिरात आहे. ती ईशान्येकडची मुलगीही तिथेच आहे, दोघी एका खोलीत राहतात. पहिली कीपर कोण, हे अजून ठरलेलं नाही. त्या संध्याकाळच्या फोनबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ती रोज व्हिडिओ कॉल करते. आधी मम्मीशी बोलते, मग मला म्हणते, "पप्पा, तुमचं काय चाललंय?" आणि मी कारखान्यातलं काहीबाही सांगत तिचे डोळे नीट बघून घेतो.