भावजी गाडीसमोर उभे राहतात

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, आपल्या गॅरेजमध्ये ब्रेकशिवाय दुसरं काम घेत नाहीत. इंजिनाचं काही विचारायला जा, "गाडी काय, कुणीही पळवतो. थांबवून दाखवा," म्हणतात आणि इंजिनाचा शोध विचारणाऱ्यानेच लावल्यासारखे त्याच्याकडे रागाने बघतात.

काम संपलं की त्यांची परीक्षा असते. गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर ते खडूने रेघ मारतात, तिच्यापुढे पंधरा पावलं मोजतात आणि तिथे हाताची घडी घालून स्वतः उभे राहतात. "चाळीसच्या वेगाने या. रेघेवर ब्रेक दाबा!" गिऱ्हाईक घामाघूम. भावजी ढिम्म. तीस वर्षांत एकदाही तसूभर हलले नाहीत, आणि ही गोष्ट ते दर भेटीत ऐकवतात. लोक लांबून गाड्या घेऊन येतात, त्यातले निम्मे हा तमाशा बघायला येतात असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅरेजच्या वरच घर. म्हणजे दिवसातून दोनतीनदा माझ्या ताईचा जीव टांगणीला. "अहो, साठी उलटली, आता पुरे करा," असं तिने हजारदा सांगून पाहिलं. भावजींचं उत्तर ठरलेलं. "का? माझ्या कामावर विश्वास नाही तुझा?" मग बिचारी वर निघून जायची. एकदा मला म्हणाली, "एक दिवस हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत जाणार बघ." मी हसण्यावारी नेलं. मूर्खपणा माझा.

मग मी ती गाडी घेतली. सेकंडहँड, पण चांगली धिप्पाड एसयूव्ही. त्यात मला हौस दांडगी! मोठे टायर चढवले, पुढे लोखंडी बंपर, वर कॅरियर. रुबाब असा की शेजारी आपणहून नमस्कार करायला लागले. फक्त थांबायचं म्हटलं की गाडी आधी विचार करायची. एक दिवस तिने आमच्याच फाटकात शिरून विचार पूर्ण केला. बायको एवढंच म्हणाली, "आता भिंतही पाडून टाका, येण्याजाण्याला बरं."

भावजींनी चाक काढलं आणि माझी अक्कलही काढली. "वजन केलंस हत्तीएवढं आणि डिस्क ठेवल्यास बशीएवढ्या?" मोठ्या डिस्क आल्या, त्यांना आवळणारे जाड पॅड आले, ते पॅड दाबणारे नवे कॅलिपर आले. ते कॅलिपर जुन्या रिममध्ये मावेनात, म्हणून रिमही आल्या. शेवटी भावजींनी तासभर गाडी पळवून, पुन्हापुन्हा वेग कमी करून नवे पॅड डिस्कवर नीट रुळवून घेतले.

मग खडू निघाला. स्टिअरिंगवर मी. समोर हाताची घडी. सख्ख्या बहिणीचं कुंकू हो ते! "भावजी, मला नाही जमायचं!" मी खिडकीतून ओरडलो.

तेवढ्यात ताई जिना उतरून आली. ओले हात पदराला पुसत तिने माझ्या बाजूचं दार उघडलं. "उतर खाली."

"अगं ताई..."

"उतर म्हणते ना, गाढवा!"

मी उतरलो. ती एवढी मोठी गाडी कशी चालवेल, याची काळजी नव्हती. गॅरेजचं सामान आणायची व्हॅन ती वीस वर्षं चालवते आहे, माझ्यापेक्षा कितीतरी बरी. मला भीती वाटली ती तिच्या चेहऱ्याची.

गाडी सुटली. भावजी हसत उभे होते. मग हसू गेलं. मग हाताची घडी सुटली. रेघ यायच्या आत भावजींनी जी उडी मारली ती थेट कडेच्या झुडपात! आणि ताईने बरोबर रेघेवर ब्रेक दाबला. ते धूड काही पावलांतच खिळलं. भावजींची जागा अजून सात पावलं पुढे होती.

ताई उतरली, झुडपापाशी गेली. "ब्रेक झकास झालेत. मग पळालात का?"

"ब्रेकची खात्री होती गं," भावजी काटे उपटत म्हणाले. "पण तू दाबशील की नाही..."

"लग्नाची बायको दाबेल की नाही, ही शंका! आणि ती रोजची गिऱ्हाइकं दाबतील, ही खात्री कुणी दिली होती तुम्हाला?"

भावजींनी कानशिलांवरचा घाम पुसला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "घाबरलो गं."

"हां," ताई म्हणाली, आणि एकदम तिला रडू फुटलं. "तुम्ही आज एकदा घाबरलात. मी तीस वर्षं रोज घाबरतेय."

भावजी तिथेच मातीत बसून राहिले. मग खिशातला खडू काढून त्यांनी तिच्या हातात दिला.