आमचं इंजिन सुरू करायला दोघं लागतात

मंडळी, मी बोलतेय आणि शेजारची सून सुवर्णा टाइप करतेय. मला अक्षर येत नाय, पण तिने माझं बोलणं गोड केलं तर मला बरोबर कळतं.

आज सकाळी आमच्या गडब गावात चांगलीच थंडी होती. परवा लावलेली वांग्याची रोपं सुकायला लागलेली आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू होईना. रोह्याला कंपनीत असलेल्या लेकाला फोन लावला. म्हणाला, "आये, इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत गरम पाणी ओत, डिझेलच्या पाइपातली हवा काढ." दोन्ही केलं. पण हँडल मारायला फोनमधून हात काही बाहेर येत नाय.

मग सुवर्णा आली. तिने हँडल फिरवायचं, चाकाने वेग घेतला की मी इंजिनवरचा खटका पाडायचा. दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा चाक दमून थांबलं.

"आजी, खटका पाडा ना. माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

खरंच बघत होते. हँडल आमचे हे मारायचे. वेग आला की मान हलवायचे, मग मी खटका पाडायची. ते जाऊन एक पावसाळा झाला, तरी मी मानेचीच वाट बघत होते. थंडीला उगाच बोल लावला.

तिसऱ्यांदा चाकाकडे बघून खटका पाडला. इंजिन धडधडलं, रोपांना पाणी लागलं.

सुवर्णा म्हणाली, "उद्या मी मान हलवू का?"

"नको गो. तू हँडल मार. मी चाकाकडे बघायला शिकते."

तुमच्या घरात एकट्याने सुरू न होणारं काय हाय? लिहा. सुवर्णा वाचून दाखवील. संध्याकाळची मी मोकळीच असते.