पहिल्या नंबरची आत्या

माझ्या आत्याला उष्टं चालत नसे. ताटातलं तर नाहीच, पण दुकानातलंही नाही. दुकानात मांडून ठेवलेलं, चार जणांनी हाताळलेलं व्हिडिओ गेमचं मशीन तिच्या लेखी उष्टंच होतं. नवं मशीन ज्या दिवशी विक्रीला येईल त्याच दिवशी, सीलबंद खोक्यात आणि शक्यतो पहिल्या नंबरनं घ्यायचं, असा तिचा नेम. "दुसऱ्या दिवशी काय, कुणीबी घेतंय," ती म्हणायची. शाळेत गणित शिकवणारी, लग्न न केलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई गेमच्या मशीनसाठी शटर उघडायच्या आधी दुकानापुढं उभी राहते, हे सांगितलं की लोकांना मी फेकते आहे असं वाटायचं. आत्याला लोकांना काय वाटतं याच्याशी कर्तव्य नव्हतं.

या नेमाला कारण मीच. आमचं घर लासूर स्टेशनचं, शेतीवाडीचं. पाचवीत मला शिकायला आत्याकडं ठेवलं, तेव्हा ती शहरात, उस्मानपुऱ्यात, दोन खोल्यांत भाड्यानं राहत होती. दिवेलागणीला मला आईची आठवण यायची आणि मी भोकाड पसरायची. आत्याला लाडीगोडी कधी जमली नाही. आठवडाभर तिनं माझं रडणं सहन केलं आणि एके दिवशी शाळेतून येताना एक खोकं घेऊन आली. त्यातून एक मशीन आणि दोन रिमोट निघाले. एक रिमोट माझ्या हातात कोंबून ती म्हणाली, "रडायचं तर रड, पण हे दोघींनी धरावं लागतंय." दोन्ही हात रिमोटवर असले की डोळे पुसता येत नाहीत, हे तिनं हेरलं होतं. चौथ्या दिवशी मी रडायची थांबले आणि पाचव्या दिवसापासून तिला हरवायला लागले.

प्रत्येक नव्या मशीनची पूजा व्हायची. दाराबाहेर नारळ फुटायचा, खोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघायचं आणि आतल्या रिमोटलाही हळदीकुंकू लागायचं. एकदा कुंकू जरा सढळ हातानं पडलं आणि एक बटण कायमचं आत बसलं. झालं असं, की त्या मशीनवरचा आत्याचा गडी सगळा जन्म उड्या मारत राहिला. दुकानदारानं विचारलं, काय सांडलं होतं? आत्या म्हणाली, "काय नाय सांडलं, मुहूर्त केलता."

खेळायची तऱ्हाही तिची तिचीच. गाड्यांच्या शर्यतीत ती डाव्या बाजूनं चालायची आणि मागून कुणी जोरात आला तर त्याला वाट द्यायची. हाणामारीच्या खेळात समोरच्याला लोळवलं की तोंडातून "लागलं का रे बाबा?" निघून जायचं. त्यामुळं एकमेकांविरुद्धचे खेळ आमच्याकडं फार टिकले नाहीत. आम्ही जोडीचे खेळ आणायला लागलो, दोघींनी मिळून पार करायचे. त्यात मात्र ती वाघीण होती. मी कुठं अडकले की स्वतःची वाट सोडून मागं यायची आणि मला घेऊनच पुढं जायची. शाळेत तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली आजही तिच्या छडीबद्दल बोलतात. मला ती छडीवाली बाई कधी भेटलीच नाही.

पुढं शहर वाढत सुटलं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज प्लॉटिंगचे चुन्याचे पट्टे पडत होते. आत्यानंही बायपासच्या पलीकडं एक प्लॉट घेऊन घर बांधलं. नळाची लाइन पुढच्या वर्षी येणार होती. आम्ही तिथं राहिलो तेवढी वर्षं ती पुढच्याच वर्षी येणार होती. त्यात लागोपाठ दुष्काळ पडले आणि सगळी वसाहत टँकरवर आली. टँकरच्या रांगेत घागर ठेवली की माणूस मोकळा, त्याचा नंबर घागर धरते, आणि दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. काही हुशार लोक एकच घागर ठेवून पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्याच्या अशा दोन्ही टँकरवर हक्क सांगायला लागले, तेव्हा आत्यानं गल्लीत उभं राहून कायदा केला: "एका घागरीवर एकच नंबर." तिथून पुढं भांडण झालं की बायका हेच वाक्य एकमेकींना ऐकवायच्या.

मला पुण्यात नोकरी लागली, त्याच हिवाळ्यात एक नवं मशीन येणार होतं. त्याच्यासोबत जोडीनं खेळायचा एक नवा खेळही येत होता. मशीन यायचं सोमवारी आणि मी निघायची शुक्रवारी. आत्यानं आकडेमोड केली, तीन संध्याकाळी आणि एक रजेचा दिवस, एवढ्यात खेळ संपतोय. "ह्यो आपला शेवटचा हाय असं धरून खेळू," ती म्हणाली आणि लगेच दुसऱ्या कामाला लागली. मीही दिवस मोजत होते. पुण्याला जायची मला धास्ती होती आणि ती चार दिवस तरी लांबणीवर पडणार होती.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात फक्त दोनच मशीन येणार होती. शेठनं सांगून टाकलं होतं, दहाला शटर उघडेल, जो आधी त्याला. सोमवारी आत्याची सकाळची शाळा. मी घरी थांबणं भागच होतं, कारण टँकरचा दिवस होता. तेव्हा आत्यानं तिला सगळ्यात साहजिक वाटलं ते केलं. सकाळी सहाला रिक्षानं औरंगपुऱ्यात गेली, बंद शटरला टेकवून एक घागर ठेवली आणि निर्धास्त मनानं शाळेत जाऊन अपूर्णांक शिकवायला लागली.

दहाला ती परत आली तर घागरीमागं चाळीसएक घागरी, हंडे आणि कळश्या. दुष्काळात रस्त्यावर एक घागर दिसली म्हणजे मागून टँकर येणार, हे कुणाला सांगावं लागत नाही. त्या जुन्या वस्तीतही नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं. पहिली बाई घागर बघून थांबली, दुसरी पहिलीला बघून, आणि रांग थेट चौकापर्यंत गेली. सगळ्यात शेवटी मशीनसाठी आलेली दोन कॉलेजची पोरं उभी होती. आज मशीन न्यायला भांडं आणायची काहीतरी स्कीम आहे, असं त्यांना वाटलं होतं. त्यातल्या एकानं तर घरून बादली आणली होती.

"बाई, ही पयली घागर तुमची का?" रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं. "टँकर कवा येणार हाय?"

आत्यानं खरं सांगितलं. पाण्याची नाही, खेळायच्या मशीनची रांग आहे. मग म्हातारी म्हणाली, "कामं सोडून उभी हाय मी सातपास्नं. सुनेला कामावर धाडलं न्हाई. खेळाचं मशीन व्हय?" ती भांडली असती तर आत्या पुरून उरली असती. पण ती नुसतंच बोलली.

दुकानामागं शेठचा बोअर होता. आत्या शेठकडं गेली आणि मोटार लावा म्हणाली. शेठ कळवळला, "बाई, आधीच बोअर अर्धा तास चालून धापा टाकतो. वर माझं कुटुंब राहतं." आत्या हटेना. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ठीक आहे. माणशी एक भांडं. पण माझ्या दारात एकच रांग लागेल. पाण्याची का मशीनची, तुम्हीच सांगा."

"पाण्याची," आत्या म्हणाली.

आता तिची घागर पाण्याच्या रांगेत होती आणि एका घागरीवर एकच नंबर. शेठ स्वतः म्हणाला, बाई, तुम्ही आधी मशीन तर घेऊन ठेवा. आत्यानं नकारार्थी मान हलवली. दोन्ही मशीन त्या दोन पोरांनी नेली. बोअरची धार करंगळीएवढी होती आणि मोटार मध्ये मध्ये बंद ठेवावी लागत होती. दुपारी दोनपर्यंत आत्या पाइप धरून उभी राहिली.

ती घरी आली तेव्हा पदर ओला होता आणि हातात भरलेली घागर होती. सगळं ऐकून मी तिला म्हणाले, "चाळीस बायकांचं तुला दिसलं, माझं नाही." तिनं घागर माठात रिकामी केली. ते चार दिवस आम्ही जुना खेळही काढला नाही. शुक्रवारी बसमध्ये बसताना मी तिच्या पाया पडले, पण डोळ्यांकडं बघितलं नाही. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

तीन आठवड्यांनी दुकानात पुन्हा माल आला आणि तिनं मशीन घेतलं, हे मला फोनवर कळलं. कसं आहे, म्हणून मी विचारलं. "बरं हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात उत्साह नव्हता, मीही खोदून विचारलं नाही. ती एकटी खेळत असेल, असं धरून चालले. रजा मिळून घरी यायला मला पाच महिने लागले. घरात पाऊल टाकलं तर खोकं देवघराशेजारी, वर कुंकवाचं स्वस्तिक, आणि सील जसंच्या तसं.

"खेळली नाहीस?"

"जोडीचा खेळ हाय. एकटीनं काय करू?"

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल कुणी विचारलं की मला ती दुपार आठवते. आम्ही सील फोडलं, मशीन लावलं, तर पडद्यावर आलं की अपडेट करा. इतके महिने खोक्यात पडून राहिलेलं मशीन, त्यात आमचं इंटरनेट. एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. आम्ही दोघी रिमोट मांडीवर घेऊन तिच्याकडं बघत बसलो. आत्यानं पुण्यातली खोली, मेस, साहेब, सगळ्यांची चौकशी केली. अर्धी पट्टी भरली तेव्हा मी म्हणाले, "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

तिनं पट्टीवरची नजर काढली नाही. "खरं तेच बोललीस. त्या बाया माझ्या समोर होत्या, तू घरी होतीस. घरच्याला थांब म्हणता येतंय, असं वाटलं मला." मग म्हणाली, "तुला थांबवलं, मंग मीबी थांबले."

संध्याकाळी खेळ सुरू झाला. पहिल्याच टप्प्यात समोर उंच भिंत होती. एकीनं खाली ओणवं व्हायचं आणि दुसरीनं तिच्या पाठीवर पाय देऊन चढायचं. कोण काय करणार, ते आधी निवडावं लागत होतं. आत्यानं चष्मा पुसला, रिमोट दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तू चढ. मी हाय खाली."