खिडकीजवळची रिकामी खुर्ची

आवळ्याच्या तेलाचा वास आला की वाडीतली इंग्रजीची शिकवणी आठवते. सर्वनामांत आमच्या चुका होऊ नयेत म्हणून बाई बोट दाखवून शिकवायच्या: स्वतःकडे 'आय', आमच्याकडे 'यू' आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे 'शी'. एकदा नवीन आलेली मुलगी खुर्चीत कुणीच नाही हे बघून हसत गुजरातीत म्हणाली, "टीचर, त्यां तो कोई नथी." बाई कुजबुजल्या, "हळू बोल. मागच्या खेपेला किती रडली ती!" त्या बंद खोलीत एकदम तेलाचा वास दाटला आणि आम्ही दप्तरं टाकून पळालो. आता तरसालीला मी स्वतः शिकवणी घेतो, वर्गात एकही खुर्ची रिकामी ठेवत नाही. काल नुसते मुलगेच आले होते, तरी मी 'शी' म्हणताच सगळ्यांनी माझ्या पाठीमागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.