चाकू पिंढरीला बांधला तेव्हा

माझी बायको दुष्काळी मुरुडकडली. तिकडं हंडाभर पाण्यासाठी रांगेत वाढलेली. पवायला येत नव्हतं, नदीत घोट्याच्या वर कधी उतरली न्हाई. पण इथं नांदेडात गोदावरीत मी खाली जायचो, तेव्हा माझ्या अंगावरचं सामान तीच लावायची.

आमचं काम पाणबुड्याचं. पंपाच्या तोंडाशी जाळं अडकलं, काही बुडालं, की पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं. खाली पाणी म्हंजी चहा. लागेल ती वस्तू न चाचपडता हाताला आली पाहिजे. ती मला ओट्यावर डोळे मिटून बसवायची. "चाकू घ्या. आता हवेचा काटा धरा." हात चुकला की ती वस्तू सोडून दुसरीकडं बांधायची. चाकू शेवटी डाव्या छातीवर ठरला. मुठीला आधी लाल फडकं बांधलं. मी म्हणलं, "खाली लाल काळं दिसतं गं." तर तिनं स्वतःच्या पिवळ्या लुगड्याची पट्टी फाडली. "आता दिसंल. न्हाई दिसलं तर वर येऊन भांडा."

ती गेली. मागून पट्टीही कुजून तुटली. सुनेनं नवी आणली, "मामा, ही बांधा." मी म्हणलं, "तुझी नको." पोरीचं तोंड उतरलं. मला ती उघडी मूठ छातीवर बघवंना, म्हणून चाकू काढून पिंढरीला बांधला. एवढी वर्षं पाण्यात घालवलेल्या माणसानं असं करावं!

मग धरणाच्या पंपाशी उतरायचं काम आलं. काठावर दोर धरून माझा जोडीदार, लहानपणापासूनचा. दोराला एक झटका म्हंजी सैल सोड, तीन म्हंजी वर वढ. खाली माझा पाय जाळ्यात गेला. घाबरून तीन झटके दिले. त्यानं वढलं, जाळं अजून आवळलं. सवयीनं हात छातीकडं निघाला. अर्ध्यात ध्यानात आलं, चाकू तिथं न्हाई. पिंढरी तर जाळ्यात. काटा डोळ्याशी धरला, हवा थोडीच होती. मग एक झटका दिला. दोर सैल पडला तसा चिखलात बसलो, गुडघा पोटाशी घेतला, जाळ्याच्या घरातून बोटं घालून चाकू उपसला. कसं कापलं आठवत न्हाई. बायकोचं तोंडही आठवलं न्हाई तेव्हा. खरं सांगतो. नुसती हवा पाहिजे होती.

वर आल्यावर जोडीदारानं आधी पाठीत धपाटा घातला. "चाकू पिंढरीला? वैनीनं बघितलं असतं तर चपलीनं हाणलं असतं तुला!"

"हाणायला असायला पाहिजे ना," मी म्हणलं. तो दोर गुंडाळायला लागला.

घरी येऊन सुनेला म्हणलं, "बस इथं. चाकू परत छातीवर बांधून दे." टाकी चढवली, डोळे मिटले. "घ्या मामा चाकू," ती म्हणाली. उजवा हात निघाला अन् खांद्यातच अडला. परत नेला. परत अडला.

"मामा, कवापासून असं हाय?"

दोन वर्षं झाली. बायकोला कळू दिलं नव्हतं. ओट्यावर दात खाऊन हात वढायचो, तिला वाटायचं जमलं. कळलं असतं तर तिनं टाकी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. म्हंजी ती नीट लावत होती अन् मी तिला फसवत होतो. त्या दिवशी चाकू छातीवर असता तरी माझा हात तिथं पोचला नसता.

सुनेनं पट्टे सोडले, टाकी उतरवून घेतली. मी जोडीदाराला फोन लावला.

"आता दोर मी धरणार."

"अन् खाली कोण जाणार?"

"कुणीबी जाऊ दे. मी न्हाई."

तो म्हणाला, "बरं केलंस."

मला काही बरं वाटलं न्हाई.