तिकडचे साहेब

आमच्या साहेबांना स्वतःच्या कार्यालयापेक्षा दुसऱ्यांच्या कार्यालयांची उत्सुकता जास्त. दवाखाना, अडतीचं दुकान, निलंग्याचं बसस्थानक, कुठंही गेले की "तुम्ही हे कसं करता?" विचारायचे आणि परत आले की "तिकडं काय करतात माहितंय का?" म्हणून सुरू व्हायचे. त्यामुळं आम्ही त्यांना 'तिकडचे साहेब' म्हणायचो, अर्थात त्यांच्या माघारी.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. खुर्च्या अपुऱ्या, माणसं अपुरी, वर दुष्काळ. गावोगाव टँकरनं पाणी पोचवायचं काम आमच्याकडं. अशात शेजारच्या सुनेचे गुण गाणाऱ्या सासूसारखं साहेब तिकडचं सांगत बसायचे. "त्यांच्याकडं माणसं लई हायत, साहेब," मी एकदा बोललोच. ते चिडले नाहीत. "बरं. मग त्यांच्यापेक्षा आपलं काय चांगलं हाय?" मी फायलीत डोकं घातलं.

एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना जीपमध्ये कोंबून उदगीरच्या एका मठात नेलं. दुष्काळामुळं तिथं रोज पंगत बसायची. स्वयंपाकघर दाराशी, पण वाढपी बादली घेऊन थेट लांबच्या भिंतीकडं गेला आणि तिथून वाढायला लागला. मला राहवेना, विचारलं. तो म्हणाला, "काल दारापासनं वाढलं. शेवटाला भाजी सरत येती, हात आखडतो. भिंतीकडं रोज तीच म्हातारी माणसं बसत्यात. रोज त्यांनीच का म्हणून कमी खावं?"

परतताना निम्म्या वाटेवर आमचे टँकरचालक गफूरभाई म्हणाले, "साब, आपली गाडी रोज चावडीपासनंच लागती." गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायका टँकरच्या तळाशी उरलेल्या गढूळ पाण्यासाठी भांडतात, हे प्रत्येकानं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आधी वस्तीवर गेला. चावडीवरची पुढारी मंडळी तावातावानं कार्यालयात आली. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "उद्या तुमच्याकडनं."

थोड्याच दिवसांत साहेबांची नांदेडला बदली झाली. "आता गाडी कुठनं लावायची, ते तुम्ही ठरवा," एवढंच बोलून ते गेले. पुढारी पुन्हा आले, या वेळी आमच्याही बदलीची भाषा बोलत. आम्ही त्यांना चहा पाजला.

उन्हाळा सरताना कामासाठी नांदेडला गेलो, तेव्हा साहेबांना भेटलो. मी टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तिकडं आता कसं करताय?"

"पाळीपाळीनंच, साहेब. काल वस्तीपासनं लावली."

त्यांनी आतल्या खोलीत बसलेल्या आपल्या नव्या माणसांना हाक मारली, "या हो सगळे. हे तिकडचे हायत. कसं करतात, विचारा त्यांना."