गिरणीची मोटार आणि ट्रान्सचा ठेका

वेल्ह्यात आमची पिठाची गिरणी. भिंतीपलीकडच्या खोलीत माझ्या मुलानं जुना कॉम्प्युटर मांडला होता. त्यावर तो आणि त्याचा जोडीदार गाणी करायचे. त्यात शब्द नसायचे, नुसता ठेका आणि त्यावर लांबत जाणारा सूर. ट्रान्स म्हणायचे त्याला. मला ते कधी आवडलं नाही.

जोडीदार भोरचा, मुसलमान घरातला, घरचा लग्नाचा बँड. ठेका त्याचा, सूर माझ्या मुलाचा. आठवडाभर एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती सीडी इकडून तिकडं जायच्या. रविवारी तो नसरापूरला गाडी बदलून यायचा आणि माझ्या हातची भाकरी खायचा. मुलाचा सूर त्याच्या ठेक्याशिवाय भरकटायचा, एवढं मलाही कळत होतं.

तेव्हा लाईट थोडाच वेळ असायची. गिरणीची मोटार चालू झाली की व्होल्टेज पडायचं आणि कॉम्प्युटर बंद व्हायचा. म्हणून ठरलं होतं, त्यांनी हाक मारल्याशिवाय मी बटण दाबायचं नाही.

एका रविवारी पुण्याच्या एका डीजेला गाणं द्यायचं होतं. त्याला पसंत पडलं तर दोघांना कायमचं काम मिळणार होतं. सकाळपासून दोघं कानाला हेडफोन लावून बसलेले. दारात बाया डबे घेऊन खोळंबलेल्या.

"काय गं, गिरणी हाय का देऊळ? किती येळ बसायचं?"

"पोरं गाणं करत्यात."

"मग आज नवऱ्याच्या ताटात गाणंच वाढते."

सगळ्या हसल्या. माझी कंबर दुखत होती, लाईट जायची वेळ झाली होती. म्हटलं, एकीचं तरी दळून देऊ. बटण दाबलं. आतून मुलगा ओरडला. मी लगेच मोटार बंद केली आणि आत गेले. पडदा काळा.

"लाईट गेली का?" त्यानं हेडफोन काढत विचारलं.

"व्हय. गेली आन् आली."

तो जोडीदाराकडं वळला. "सेव्ह केलंवतंस ना?" ते काम त्याचं होतं.

"न्हाई. राहिलं."

"मग वरातीतच वाजवत बस. हे तुझं काम न्हवं."

जोडीदारानं एकदा माझ्याकडं पाहिलं. "चुकलं माझं," म्हणाला. वायर गुंडाळली, भाकरीला न थांबता गेला. पुन्हा आला नाही. संध्याकाळी मुलाला खरं सांगू म्हटलं. सांगितलं नाही.

काही वर्षांनी डोळे दाखवायला भोरला गेले, तेव्हा तो स्टँडवर भेटला. मी सरळ सांगून टाकलं.

"मावशी, मला तवाच कळलंवतं."

"कसं? कानाला हेडफोन व्हता की."

"पायाला न्हवता. तुमची मोटार चालली की फरशी हालायची."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमच्यावर वरडला असता त्यो. मग तुमच्या घरात जेवाय कुठल्या तोंडानं बसलो असतो?"

"तसा तरी कुठं बसलास?"

"त्ये बी खरं." आणि हसला.

डीजेचं काम हुकलं ते हुकलंच. मुलानं एकट्यानं दोन-तीन गाणी केली, मग सोडलं. आता गिरणी तोच चालवतो. कॉम्प्युटरवर पिठाचा थर आहे. मी थकले आहे, तोंडानं सांगायचं आता होत नाही. म्हणून हे सगळं लिहून काढलं, ही वही उद्या त्याच्या पुढ्यात ठेवणार आहे. भोरला जायला सकाळची गाडी त्याला अजून मिळेल.